वाचता येत नाही का?

मराठी शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. मुलांच्या वह्यांमधले ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता चष्म्याचा नंबर वाढला, केस पांढरे झाले. त्या मला मागच्या वर्षी एका कार्यालयाच्या खिडकीतून एका तरुण मुलाने विचारलं, "काका, वाचता येत नाही का?"

खरं सांगतो मंडळी, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं होतं असं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहतात. वयाने माझ्याच एवढ्या, पण आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण आणि कापसाची वेचणी केल्याने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या दिसतात. नवरा कधीच गेला. अक्षरओळख नाही. एका योजनेचा अर्ज मोबाइलवरूनच भरायचा होता, तर नातवाचा मोबाइल घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "गुरुजी, तुमीच भरून द्या. तुमाले समजते." मलाही बरं वाटलं. म्हातारपणी कोणी काही विचारलं की बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू!

तासभर बसून मी सगळं भरलं. नाव, आधार, बँकेचा खातेक्रमांक, पासबुकाचा फोटो. शेवटी एक मोठं हिरवं बटण आलं, 'जतन करा'. दाबलं. लगेच हिरवी बरोबरची खूण आली आणि खाली अक्षरं उमटली की आपली माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे. मी म्हटलं, "झालं बाई तुमचं काम." दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराच्या ओटीतून हरभऱ्याची कोवळी भाजी आणून दिली.

दोन महिने झाले तरी पैसे आले नाहीत, म्हणून मी त्यांना घेऊन कार्यालयात गेलो. ते कोणतं, हे सांगत नाही. तिथल्या मुलाने स्क्रीनकडे पाहून सांगितलं, "अर्ज सादरच केलेला नाही. नुसता जतन केलाय." 'सादर करा' हे बटण त्याच पानावर होतं, पण पान वर सरकवल्याशिवाय न दिसणारं, लहानसं आणि करड्या रंगाचं. मुदत संपून गेली होती. आणि मग तो प्रश्न आला, वाचता येत नाही का?

परत येताना एसटीत बाईच माझी समजूत घालत होत्या. "माह्या नशिबात नसन, गुरुजी. तुमी काहून जिवाले लावून घेता?"

त्यांच्या नशिबाचा इथे काय संबंध? बटण मी दाबलं होतं.

ही गोष्ट घरात आणि मित्रमंडळींत सांगितली तेव्हा दोन प्रकारची मतं ऐकायला मिळाली. माझ्या वयाचे म्हणाले, "आजकालच्या या कॉम्प्युटरवाल्या पोरांना काही कळत नाही, वातानुकूलित खोलीत बसून काहीतरी रंगवतात." तरुण नातेवाईक म्हणाले, "काका, खाली स्क्रोल करायचं असतं हो. एवढं तर माहीत पाहिजे." एका पुतण्याने तर मला 'डिजिटल साक्षर' व्हायचा सल्ला दिला. (तू हे वाचशीलच, म्हणून इथेच लिहितो.) मी अर्थातच पहिल्या गटात होतो. आज माझं म्हणणं असं आहे, की दोन्ही गट चुकले. आणि आपण एकमेकांवर खेकसत बसलो की खरा दोषी निवांत सुटतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

माझं मत बदललं ते दिवाळीत. माझी नात पुण्यात एका कंपनीत इंटरफेस डिझायनर आहे. इतकी वर्षं ती नेमकं काय करते हे मला माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत असे. तिला मी ही हकिगत सांगितली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने वही काढली आणि म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी जसं केलं तसंच आता मला करून दाखवा. आणि करताना मनात जे येतं ते मोठ्याने बोला." मी करत गेलो, बोलत गेलो. ती माझ्या चेहऱ्याकडे आणि बोटाकडे पाहत होती, स्क्रीनकडे फारसं नाही.

मग तिने जुनं कालनिर्णय घेतलं, त्याच्या कोऱ्या बाजूचे मोबाइलएवढे तुकडे कापले आणि स्केचपेनने त्यावर तो अर्ज काढला. एका पानाला एक कागद. चार माणसं बोलावली. माझी सौ., दूधवाला, शेजारच्या वहिनी आणि त्या बाई. "हा खोटा खोटा मोबाइल आहे. तुमची परीक्षा नाही, माझ्या कागदाची परीक्षा आहे," असं आधीच सांगून टाकलं. कोणी कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं की ती तो कागद उचलून पुढचा ठेवायची. बाकी तोंडातून शब्द नाही.

हे गप्प बसणं मला फार जड गेलं. बाईंचं बोट अडखळलं तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं, "खाली, खाली!" नातीने माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही परीक्षेत पोरांना असं सांगायचात?" गप्प बसलो.

चारांपैकी तिघं 'जतन करा'पाशीच थांबली. सौ. म्हणाली, "जतन तर दागिन्यांचं करतात, लोणच्याचं करतात. अर्ज जतन करून काय मुरवायचाय का?" बाईंना तर वाचता येत नाही, त्यांनी हिरवी खूण पाहिली आणि काम झालं असं समजल्या. त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. सगळ्या जगाने त्यांना हेच शिकवलंय, की हिरवी बरोबरची खूण म्हणजे काम झालं.

नातीने ते कागद फाडले आणि नवे काढले. आता एकच मोठं बटण, 'अर्ज पाठवा'. पाठवेपर्यंत वर लाल पट्टी, 'अर्ज अजून पाठवलेला नाही'. पुन्हा चौघांना दाखवलं. तिघं पार झाली, बाई अडल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना पट्टीच दिसली नव्हती. पुन्हा कागद फाडले. तिसऱ्या वेळी पट्टी गेली आणि पोस्टाच्या पेटीचं चित्र आलं. पत्र पेटीबाहेर असेल तर काम राहिलं, पेटीत गेलं तर झालं. सोबत आवाज, जो त्या दिवशी नातीनेच तोंडाने काढला. "आजी, तुमचा अर्ज अजून गेला नाही." बाई खुदकन हसल्या आणि बोट बरोबर जागी ठेवलं.

दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत एवढं झालं. खर्च म्हणाल तर एक जुनं कालनिर्णय.

इंटरफेस म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाची पुतळा बारव पाहिली असेल. विहिरीत पाणी असणं वेगळं आणि ते माणसाला घेता येणं वेगळं. पाणी वर असो की खोल गेलेलं असो, घागर घेतलेली बाई पायऱ्या उतरून त्याच्यापर्यंत पोचू शकली पाहिजे. त्या पायऱ्या म्हणजे इंटरफेस. योजना आहे, पैसा आहे, संगणक आहे, पण पायऱ्याच नसतील तर ते पाणी कोणाच्या कामाचं? आणि घागर घेऊन काठावर उभ्या असलेल्या बाईला आपण विचारतो, पोहता येत नाही का!

नातीचं काम मला आपल्या मास्तरकीच्या फार जवळचं वाटलं. आम्ही पाठ टाचण काढायचो. वर्गात कोण बसलंय, त्यांना आधीच काय माहीत आहे, कुठे अडखळतील, याचा विचार आधी. मग शिकवायचं. मग चाचणी. आणि चाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मुलांचं एकच उत्तर एकाच तऱ्हेने चुकलं, तर शहाणा मास्तर मुलांना छडी मारत नाही. एक तर माझा प्रश्न चुकला, नाही तर माझं शिकवणं. सारखी चूक ही मास्तरला मिळालेली बातमी असते. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. त्याचंही सांगणं हेच, की ढकलायचं दार लोक ओढत असतील तर चूक लोकांची नाही, दाराची आहे.

आता कोणी म्हणेल, हे दिवाळीच्या सुट्टीतले खेळ झाले. खऱ्या कामात असं कुठे असतं? असतं. आणि ते आपण सगळ्यांनी स्वतःच्या बोटाने दाबून पाहिलंय.

मी मास्तर, म्हणजे निवडणुकीची ड्यूटी आलीच. कागदी मतपत्रिकेच्या काळात मी कितीदा मतदान अधिकारी होतो, याची मोजदाद नाही. कागदावर उमटवायची ती बाणांची फुली आठवते? तिचे बाण एकाच दिशेने वळलेले असत. त्याचं कारण मला फार उशिरा समजलं. शाई ओली असताना मतपत्रिकेची घडी घातली की समोरच्या उमेदवाराच्या रकान्यातही शिक्का उमटतो. पण तो आरशातल्यासारखा उलटा उमटतो. बाण कुठे वळलेत हे पाहून मोजणाऱ्याला खरा शिक्का ओळखता येतो, आणि घडी चुकली म्हणून गरिबाचं मत बाद होत नाही. त्याच्याही आधी, १९५१-५२ आणि १९५७च्या निवडणुकांत, प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी होती, तिच्यावर त्याचं चिन्ह. निरक्षर मतदाराला वाचायला लावायचंच नाही, हे तेव्हाच ठरलेलं होतं. "वाचता येत नाही का?" असं प्रजासत्ताकाने आपल्या मतदाराला पहिल्या दिवसापासून विचारलं नाही.

मग मतदान यंत्र आलं. २००४च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रावर मतदान झालं तेव्हा मी केंद्रावर होतो आणि धास्तावलेला होतो. वाटलं, म्हाताऱ्या माणसांना हे जमायचं नाही. पण बायाबापड्या आत जात होत्या, 'टूंऽऽ' आवाज येत होता आणि त्या बाहेर येत होत्या. नाव, त्याच्याशेजारी चिन्ह, त्याच्याशेजारी निळं बटण. दाबलं की तिथेच लाल दिवा लागतो आणि लांब आवाज होतो. तो आवाज मतदाराला सांगतो की तुझं मत पडलं, आणि बाहेर बसलेल्या आम्हालाही सांगतो की हिचं काम झालं. आम्ही टेबलावरच्या यंत्राचं बटण दाबल्याशिवाय दुसरं मत पडतच नाही, म्हणून घाबरून दोनदा दाबलं तरी बिघडत नाही. विजेची गरज नाही, बॅटरीवर चालतं. यंत्राभोवतीच्या राजकीय वादात मला इथे पडायचं नाही. मी फक्त बटण, दिवा आणि आवाज यांच्याबद्दल बोलतोय. जतन आणि सादर अशी दोन बटणं तिथे नाहीत, एवढंच.

या यंत्राच्या बाह्य रचनेचं काम आपल्याच राज्यात झालं. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेलं औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजे आयडीसी, आहे. तिथल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस केलं. कोट्यवधी लोक ज्याच्यावर बोट ठेवतात त्या वस्तूला आकार देणाऱ्यांची नावं किती जणांना माहीत आहेत? मला स्वतःला निवृत्तीनंतर कळली.

आणि रचनेकडे दुर्लक्ष झालं की काय होतं? २००० सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच परगण्यात वयस्क मतदार फार. त्यांना वाचायला सोपं जावं म्हणून अधिकाऱ्यांनी अक्षरं मोठी केली, आणि मग नावं एका पानावर मावेनात म्हणून दोन पानांवर समोरासमोर छापली. भोकं पाडायची जागा मधोमध. डावीकडच्या यादीत अल गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजवीकडच्या बुकॅनन यांचं. हेतू उत्तम होता. मतपत्रिकेचा नमुना आधी लोकांना पाठवलाही होता, कोणी हरकत घेतली नाही. पण मतदानाच्या दिवशी लोक गोंधळले. १९ हजारांहून जास्त मतपत्रिका दोन-दोन भोकं पडल्याने बाद झाल्या. आणि त्या राज्याचा निकाल, म्हणजेच अमेरिकेचा अध्यक्ष, ठरला ५३७ मतांनी.

नमुना डोळ्यांनी पाहणं आणि तो माणसाच्या हातात देऊन गप्प बसून बघणं यात केवढं अंतर आहे ते बघा. शिकलेल्या देशातले लोक होते ते. वाचता येत होतं त्यांना.

आपल्या भाषेतलंच एक उदाहरण देतो. आम्ही निवृत्त मंडळी ब्लॉग लिहायला लागलो तेव्हा बरहा, गमभन यांचा मोठाच आधार होता, ते उपकार विसरणार नाही. पण रोमन अक्षरांत मराठी टंकायचं म्हणजे माझ्यासारख्या मराठी माध्यमातून बीए झालेल्या माणसाची त्रेधा. 'ज्ञ' कसा काढायचा यात अर्धा विचार विसरून जायचा. २०१३ साली त्याच आयडीसीमधून अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा मोबाइलचा कळफलक आणला. त्याच्याही दहाएक वर्षं आधीपासून त्यांचं 'कीलेख' नावाच्या कळफलकावर काम चाललेलं होतं. स्वरचक्रात क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, असं सगळं आपल्या पाटीवरच्या क्रमाने. अक्षरावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं, क का कि की. पहिलीत गेलेल्या कोणालाही बाराखडी ठाऊक असते. त्यांनी आम्हाला नवीन काही शिकायला लावलं नाही, आम्हाला जे येत होतं तिथून सुरुवात केली. शिकवण्याचा पहिला नियमच आहे तो, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. तसेच र. कृ. जोशी. कवी आणि सुलेखनकार. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जो 'मंगल' टंक आला, तो त्यांनी घडवलेला. २००८ साली ते गेले. त्यांच्या टंकातली पत्रं, दाखले, शासननिर्णय आपण वर्षानुवर्षं वाचले, पण ही अक्षरं कोणी घडवली असं कधी विचारलं नाही.

म्हणजे माणसं आहेत. कसब आहे. महाराष्ट्रात आहे. मग माझ्या शेजारणीच्या वाट्याला ते करडं बटण का आलं?

हा प्रश्न मी नातीला विचारला. "तू कंपनीत असंच करतेस ना? कागद काढून, गप्प बसून?" ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, शिकताना केलं. नोकरीत दोनदा केलं. खेड्यात जाऊन बघू म्हटलं की सांगतात, वेळ नाही, त्याचे पैसे करारात नाहीत. स्क्रीन आधीच ठरलेल्या असतात, मला फक्त रंग लावायला देतात. मी बोलले की म्हणतात, लोकांना सवय होईल."

लोकांना सवय होईल! या एका वाक्यावर माझा राग आहे, आणि तो मी इथे लिहून ठेवणार आहे.

दोषी कोण, हे शेवटी सांगतो म्हटलं होतं. जो पैसे मोजतो आणि स्वतः ती वस्तू कधीच वापरत नाही, तो. अर्ज मागवणारं कार्यालय असो, बँक असो की कंपनी, निविदा काढताना किती पानं, किती दिवस, किती पैसे हे लिहिलेलं असतं, पण "वापरणाऱ्या माणसांच्या हातात देऊन पाहिलं का?" हा रकाना नसतो. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं, आणि दर कमी करायचा तर सगळ्यात आधी नातीसारखीचा खेड्यातला फेरा कापला जातो. अर्ज कोणी भरायचाय? वेचणी करणाऱ्या बाईने. मंजुरी कोण देणार? ज्याला तो अर्ज जन्मात भरायचा नाही असा माणूस, मोठ्या पडद्यावर, गार खोलीत, सादरीकरण पाहून. हे म्हणजे घागर न उचललेल्याने बारवेच्या पायऱ्या पास करायच्या.

कागदावर म्हणाल तर आपल्याकडे सगळं आहे. देशाचं अभिकल्प धोरण फेब्रुवारी २००७मध्ये मंजूर झालं. सरकारी संकेतस्थळं कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ साली आली. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, घटनेच्या २१व्या कलमाचा, भाग आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्यांना आणि अंधांना बँकेच्या ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत, त्यावरचा तो निकाल. जिचे डोळे गेले तिला यंत्र सांगतं, डोळे मिचकाव. त्या यंत्रासमोर कोणाला बसवून पाहिलं होतं हो?

यावर येणारे दोन आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला असा, की लोक शिकतात, भाजीवालीसुद्धा आता मोबाइलवर पैसे घेते. बरोबर आहे. पण ती कशी शिकली? तिच्या गाड्यावर एक बोलकी डबी आहे. "पन्नास रुपये मिळाले" असं ती मोठ्याने सांगते. हात ओले, समोर चार गिऱ्हाइकं, डोळे तराजूवर. अशा बाईने स्क्रीनकडे बघायचं कधी, हा विचार कोणीतरी केला म्हणून ते चाललं. आधी डबी शहाणी झाली, मग भाजीवाली तिला सरावली.

दुसरा आक्षेप, याला पैसा आणि वेळ फार लागतो. याकोब निल्सन नावाच्या तज्ज्ञाने २००० सालीच मांडलं होतं, की पाच माणसांना बसवून पाहिलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. नेमक्या आकड्यावर पुढे वाद झाले, होऊ द्या. आमच्या ओसरीवर चार माणसांत काम झालं. आणि न पाहण्याचा खर्च कोण भरतं? आमच्या गल्लीतल्या बाईंनी भरला. तो कोणाच्याच हिशेबात दिसत नाही, म्हणून काम स्वस्त वाटतं.

तेव्हा या मुलामुलींना पाठबळ द्यायचं असेल तर आपण काय करायचं? मी निवृत्त मास्तर, सुचतं ते सांगतो.

एक, लाज सोडा. "मला समजत नाही" हे वाक्य माझ्या वयाच्या लोकांनी टाकून द्यावं. "इथे अडलं" असं म्हणावं. कोणत्या पानावर, कोणत्या शब्दापाशी, तुम्हाला काय वाटलं आणि निघालं काय, हे चार ओळींत लिहून पाठवावं. नात सांगते, की शिव्यांची शंभर पत्रं आली तरी कोणाला काही उमगत नाही, पण असं एक पत्र असलं तर ती वरिष्ठांपुढे नेऊन भांडू शकते. आपली चूक म्हणजे तिच्या हातातला पुरावा.

दोन, तुमच्या घरी, शाळेत, ग्रामपंचायतीत असं कोणी वही घेऊन आलं, तर त्यांना हाकलू नका. चहा द्या, शेजारी बसू द्या. आणि शहाणपणा दाखवू नका, रोज करता तसंच करा. सगळं येत असल्याचा आव आणलात तर त्यांचा फेरा फुकट. (आम्ही शाळा तपासणीच्या दिवशी जे करायचो ते इथे नको!)

तीन, हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी. आपल्या नात्यात, वाचकांत अधिकारी आहेत, बँकेत आहेत, सॉफ्टवेअरमध्ये साहेब झालेले आहेत. बाबांनो, निविदेत एक ओळ घाला. वापरणाऱ्या पाच माणसांसमोर तपासून, दुरुस्त करून, पुन्हा तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. त्या पाचांत एक निरक्षर, एक मंद दृष्टीचा आणि एक स्वस्तातला मोबाइल वापरणारा असलाच पाहिजे. त्याचे पैसे वेगळे धरा. आणि मंजुरीच्या सहीआधी तो अर्ज स्वतः भरा, उन्हात उभं राहून, चष्मा काढून.

चार, भाषेचं काम भाषेच्या माणसाला द्या. 'जतन' आणि 'सादर' हे शब्दकोशातून उचललेले आहेत. माझ्या सौ.ला विचारलं असतं तर तिने चहा होईपर्यंत 'पाठवा' हा शब्द सुचवला असता. गावोगावी निवृत्त मराठीचे मास्तर रिकामे बसलेत. बोलवा ना.

पाच, नाव घ्या. चांगलं जमलेलं काम दिसत नाही, हा या धंद्याचा शाप आहे. अडलं की शिवी, सुरळीत झालं की कोणाची आठवण नाही. आईच्या स्वयंपाकासारखं. एखादं काम सहज झालं तर तेही कळवा.

पुतण्याला म्हणून वेगळं सांगतो. डिजिटल साक्षर व्हायला माझी ना नाही. सत्तरी ओलांडल्यावर कळफलक शिकलो तो काही उगाच नाही. पण साक्षरतेचे वर्ग घेणाऱ्याने धडाही तपासला पाहिजे. धडाच चुकीचा छापला असेल तर पोरांना पुन्हा पुन्हा वाचायला लावून काय साधणार?

असो. लेख लांबला.

नातीने ते तिसऱ्या वेळचे कागद नीट पाकिटात घालून, सोबत चार माणसं कुठे अडली ते लिहून, त्या कार्यालयाला पाठवले आहेत. पोच आली, उत्तर नाही. या वर्षीचा अर्ज सुरू झाला तेव्हा बाई पुन्हा मोबाइल घेऊन आल्या. मला वाटलं होतं आता दुसऱ्या कोणाकडे जातील. अर्ज तोच, हिरवं बटण तेच, करडं बटण त्याच जागी. मी पान अगदी तळापर्यंत सरकवून 'सादर करा' दाबलं, क्रमांक आला तो वहीत लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला.

"आता गेला ना, गुरुजी?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"पेटीत?"

"पेटीत," मी म्हटलं. स्क्रीनवर पेटी नव्हतीच. ती आमच्या कालनिर्णयाच्या पाठीवर होती.